गाड्या पारावर लावून

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी लागला की मंडळाच्या कट्ट्यावर एकच विषय निघतो, यंदा कुणाची बॅटरी बसलीय. वर्षभर जिन्याखाली धूळ खाणाऱ्या बुलेट आणि येझदी बाहेर ओढल्या जातात, गल्लीभर धूर होतो, वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी आपटून बंद करतात. मग समजायचं, नोव्हेंबरचा तिसरा रविवार जवळ आला.

त्या रविवारी आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे मोटरसायकलींवरून जातो. वर्गणी जमवायची, ती फौजी घरांसाठी द्यायची आणि तिकडच्या गावांत दिवस घालवून अंधार पडायच्या आत परतायचं, एवढाच कार्यक्रम. हल्लीची पोरं त्याला ‘राइड’ म्हणतात. आमच्या तोंडी अजून ‘फेरी’च आहे.

सुरुवात झाली १९९९च्या डिसेंबरात. कारगिलचा उन्हाळा नुकताच सरला होता. लढाईत गेलेल्या जवानांना इतक्या संख्येनं त्यांच्या गावी आणलेलं त्याआधी आम्ही कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आणि तिच्यामागे चाललेलं अख्खं गाव दिसायचं. गणपतीत मंडळानं कारगिलचाच देखावा केला होता. पुठ्ठ्याचे डोंगर, कापसाचा बर्फ. विसर्जनानंतर डोंगर मोडताना कुणीतरी म्हणालं, देखाव्यावर एवढा खर्च केला, त्या घरांना काय दिलं? ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो हे सगळ्यांना शाळेपासून ठाऊक होतं. वर्गात बाई डबा फिरवायच्या आणि लाल, गडद निळा, फिकट निळा असा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा टाचणीनं खिशाला लावून द्यायच्या. तेव्हा ठरलं की त्याच आठवड्यात निघायचं.

पहिल्या वर्षी सतरा गाड्या होत्या. बुलेट सहा, दोन येझदी, आरएक्स हंड्रेड, स्प्लेंडर आणि मंडळाच्या खजिनदारांची बजाज चेतक. माझ्याकडे काकांची बुलेट होती, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेकवाली. ती चालू करणं हा एक विधीच. डीकॉम्प्रेसरची दांडी दाबायची, हळूहळू किक फिरवत अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, दांडी सोडायची आणि मग मनापासून लाथ घालायची. काटा केसभर जरी हलला तरी किक उलटी येऊन नडगी सोलवटायची. घोरपडीच्या युद्धस्मारकापाशी पहाटे जमलो तेव्हा निम्मे जण लंगडत होते. हे स्मारक लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १९९८च्या १५ ऑगस्टला त्याचं लोकार्पण झालं. त्यामुळे वर्गणीवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना ते जवळचं वाटतं. डोक्याला भगवे फेटे होते. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हतं. हेल्मेटसक्तीला विरोध करणारं शहर आहे आमचं, त्याबद्दल आणखी काय बोलायचं.

खंबाटकी चढताना दोन गाड्या तापल्या. चेतक आडवी करून तिच्या पोटात पेट्रोल हलवावं लागलं. घाटमाथ्यावर वडापाव झाला आणि घोषणा देत देत आम्ही पहिल्या गावात शिरलो.

आणि तिथेच आमची पहिली चूक झाली. घर शोधायला वेळ लागला नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी फलक होता. सतरा गाड्या, पुढच्या गाडीला मोठा तिरंगा, हॉर्न, ‘अमर रहे’च्या घोषणा. घरातून एक बाई धावत बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि दारातच मटकन खाली बसल्या. त्यांचे सासरे ओट्यावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, “पोरांनो, ते आधी बंद करा.” गाड्या बंद झाल्या. मग ते शांतपणे म्हणाले, “आमच्या दारात गाड्यांची रांग एकदाच आली होती. जुलैमध्ये.”

त्यावर कुणाला काही बोलता येईना. सगळ्यांनी खाली मान घालून गाड्या गल्लीबाहेर ढकलत नेल्या आणि पारापाशी लावल्या. तो नियम त्या दिवसापासून आजपर्यंत टिकला आहे. गाव दिसलं की इंजिन बंद, गाड्या पारावर, पुढं पायी. नव्या पोरांना पहिल्यांदा हे जड जातं. बावीस हजारांचा सायलेन्सर काय पायी चालायला बसवला, असं एकानं मला तोंडावर विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी तोच पोरगा गावाच्या वेशीवर इतरांना हातानं थांबवत होता.

अपशिंगे मिलिटरीला आम्ही दरवर्षी थांबतो. तिथं कुणाच्या घरी नाही, नुसते स्मारकापाशी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि गावाच्या नावामागचं ‘मिलिटरी’ अजून तसंच आहे. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना कोणत्या पलटणीत होतात विचारलं की पाठ आपोआप ताठ होते. एक जण ‘काळी पाचवी’ म्हणाले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, आणि पुढची वीस मिनिटं आम्हाला बोलू दिलं नाही.

पैशांची शिस्त लावली सुभेदार काकांनी. बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त होऊन ते खडकीला राहायचे. तिसऱ्या वर्षी एका सभासदानं त्यांना ओढून आणलं. त्याआधी आम्ही पाकिटं वाटायचो, पाकीट देतानाचा फोटो काढायचो, तो मंडळाच्या अहवालात छापायचो. सुभेदार काकांनी अहवाल चाळला आणि विचारलं, “या बाईंनी पदर असा का धरलाय, पाहिलंत का?” पाहिलं. पाकीट दिसू नये म्हणून. त्या वर्षापासून वर्गणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला जाते, रीतसर पावती येते, आणि घरी जाताना हातात फक्त चितळ्यांची बाकरवडी असते. फोटो बंद. मंडळातल्या दोघांनी त्यावरून राजीनामे दिले. ते पुढच्या गणपतीत परत आले, ती गोष्ट वेगळी.

‘शहीद’ हा शब्दही त्यांनीच फलकावरून काढायला लावला. म्हणाले, सरकारी कागदात हा शब्द नाही, तिथं ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहितात. आम्हाला वाटलं, काका कागदाच्या शिस्तीपायी बोलतायत. त्यांचं खरं म्हणणं वर्षभरानं कळलं. एका गावात आम्ही दोन घरी जायचो, मधल्या तिसऱ्या घरी कधीच नाही. त्या घरच्या वहिनी दार लोटून आत बसायच्या. त्यांचे यजमान तोफखान्यात होते, लेहला ड्यूटीवर असताना हृदयविकारानं गेले. वय चौतीस. सुभेदार काका दार वाजवून आत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचे काही लढून नाही गेले हो. तुमच्या फलकात आम्ही बसत नाही.” पेन्शनही निराळी, गावातला मानही निराळा. लढाईत गेलेल्याच्या नावाची कमान होते, तंबूत झोपेत गेलेल्याच्या नावाचा दाखला मिळवायलाही हेलपाटे. पुढच्या वर्षी फलकावर नुसतं ‘सैनिक कुटुंबांसाठी’ असं आलं. वहिनींनी आम्हाला चहा दिला. साखर जास्त पडली होती, पण सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला.

फेरी डिसेंबरातून नोव्हेंबरात आली ती हयातीच्या दाखल्यामुळे. पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, सिद्ध करायचं असतं. एका गावच्या आजींची पेन्शन चार महिने अडकली होती. दाखला दिला होता, पण तो एका बँकेच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचलाच नव्हता. आमचे खजिनदार स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तो कागद शोधून काढला, आणि फेरीचं काम काय असायला हवं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. १०,००० रुपयांची पाकिटं वाटून जे झालं नव्हतं, ते एका रजिस्टरची पानं उलटून झालं. म्हणून तारीख बदलली.

त्यानंतर फेरीच्या सामानात पंक्चरच्या किटशेजारी शाईचा पॅड, आधारच्या झेरॉक्स आणि कोरे अर्ज आले. २०१४मध्ये सरकारनं ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं, बोटाचा ठसा घेऊन घरबसल्या दाखला. खजिनदारांनी लगेच ठसे घेणारं छोटं यंत्र विकत घेतलं. ते बनियनमध्ये गुंडाळून टाकीवरच्या पिशवीत ठेवतात, खंबाटकीत खड्डा आला की हँडल सोडून एक हात त्यावर.

२०१५चा तिसरा रविवार १५ तारखेला होता, भाऊबीज नुकतीच झाली होती. साताऱ्यातून परतताना कंदी पेढे घेतले, हसत-खिदळत घरी आलो. मंगळवारी, १७ नोव्हेंबरला बातमी आली, कुपवाड्यात कर्नल संतोष महाडिक गेले. पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे. आम्ही दोन दिवसांपूर्वी त्याच रस्त्यानं गेलो होतो. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे स्वतः लष्करात भरती झाल्या, चेन्नईच्या अकादमीतून सप्टेंबर २०१७मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या. त्या वर्षीच्या फेरीत घरोघरी तोच विषय. लेहवाल्या वहिनींची मुलगी तेव्हा नववीत होती. चहाचे कप उचलता उचलता तिनं मला विचारलं, “काका, त्यांना उंचीची अट काय होती?” मला ठाऊक नव्हतं. सुभेदार काकांना ठाऊक होतं. ते उठून दाराच्या चौकटीपाशी गेले आणि पेन्सिलनं खूण करून तिला तिथं उभं केलं.

२०१६मध्ये नोटबंदीनंतर बारा दिवसांनी फेरी होती. वर्गणीचा डबा पाचशेच्या जुन्या नोटांनी भरलेला. त्या रांगांबद्दल लिहीत नाही, ज्यानं त्यानं आपापली रांग आठवावी. कोरोनात २०२०ला फेरी झालीच नाही, फक्त फोन झाले.

मला मात्र दरवर्षी वाट असते ती त्या आजींची, चार महिने पेन्शन अडकलेल्या. त्यांचे मालक ७१च्या लढाईत गेले, लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तेव्हा माणूस घरी येत नसे, ट्रंक आली. ती अजून माळ्याखाली आहे, तिच्यात शेंगा असतात. आजींची बोटं शेतात झिजून गुळगुळीत झालीत, यंत्राला ठसाच सापडत नाही. उजवा अंगठा, नाही. तर्जनी, नाही. मग सून कोमट पाण्याचं तपेलं आणते, आजी हात बुडवून बसतात, पदराला पुसतात, पुन्हा एकेक बोट. दरम्यान ओटीपी जातो पुतण्याच्या फोनवर. तो वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, डोक्यावर पोतं असतं, फोन उचलत नाही. अर्जात प्रश्न असतो, पुनर्विवाह झाला आहे का. खजिनदार दरवर्षी ओशाळून तो वाचतात. आजींचं उत्तर दरवर्षी वेगळं असतं. मागच्या खेपेला म्हणाल्या, “ह्या फटफटीवाल्यांत कोन बिनलग्नाचा हाय का, बगा की.” अख्खी ओटी हसत सुटली. आठव्या का नवव्या बोटाला हिरवा दिवा लागला, तेव्हा त्यांनी यंत्राकडे वाकून पाहिलं.

“म्हंजी आता वरीसभर जित्ती न्हवं मी?”

“हो आजी.”

“मग शेंगा फोडायला बसा. न्हाईतर निघायची घाई करताय लगेच.”

सुभेदार काका गेल्या दोन वर्षांपासून कारनं मागून येतात, गुडघे बुलेटला दाद देत नाहीत. पारापाशी पोचले की तेही गाडी तिथंच लावतात आणि काठी टेकत चालत येतात. यंदा बावीस गाड्यांची नावं आलीत. लेहवाल्या वहिनींना काल फोन केला. त्यांनी आकडा विचारला, भाकऱ्यांचं पीठ काढायचं होतं. मुलगी एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला भोपाळला गेलीय म्हणाल्या, रविवारपर्यंत परत येईल. “यंत्र आणताय ना? शेजारच्या दोघींचंही करायचंय. आणि ते नवीन पोरगं आलं होतं ना, सायलेन्सरवालं, त्याला मोठ्या हाताचे स्वेटर लागतात का विचारा. एक विणून झालाय.”