गोखल्यांची वंशावळ दुर्गाबाईंपासून

स्टार प्रवाहवर ‘अग्निहोत्र’ लागत असे, तेव्हा आमच्या घरी त्या अर्ध्या तासात फोनसुद्धा कोणी उचलत नसे. नाशिकचा जुना वाडा, पांगलेले कुटुंब आणि मोरेश्वर अग्निहोत्रींच्या भूमिकेतले विक्रम गोखले. वाक्य अर्ध्यावर थांबवून ते समोरच्याकडे नुसते पाहत, आणि त्या शांततेतच पुढचे सगळे कळून जाई.

ही जाण त्यांच्याकडे कुठून आली, याचा माग काढताना मी त्यांची वंशावळ वहीत मांडू लागलो. आपल्याकडील कुलवृत्तांतात नावे बापाकडून मुलाकडे उतरत जातात आणि सुना-लेकी कडेला राहतात. या घराण्याचा अभिनय मात्र आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून तिच्या मुलाकडे आला आहे. म्हणून वहीत सर्वांत वर मी दुर्गाबाई कामत यांचे नाव लिहिले.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी दादासाहेब फाळक्यांना स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षी, १९१३ मध्ये, फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची लहानगी मुलगी कमला मोहिनी झाली. नाटकात काम करणाऱ्या बाईला समाज काय म्हणे, हे आठवले की त्या मायलेकींचे धैर्य किती मोठे होते ते जाणवते. कमलाबाई पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न करून गोखल्यांच्या घरात आल्या. पुरुष लुगडी नेसून उभे राहत त्या काळात त्यांनी रंगमंचावर पुरुषभूमिकाही केल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तरी अभिनयाच्या कमाईवर त्यांनी तिन्ही मुलगे वाढवले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले, चंद्रकांत नट झाले. ‘बॅरिस्टर’ नाटक गाजवणारे विक्रम हे या चंद्रकांतांचे चिरंजीव.

२०१६ मध्ये घशाच्या विकारामुळे विक्रमरावांनी रंगभूमी सोडली; २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात ते गेले. फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ नाशिकात केला होता, हे मला फार उशिरा कळले. ज्या गावाच्या वाड्यात मोरेश्वर अग्निहोत्री वावरले, तिथेच विक्रमरावांची पणजी आणि आजी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. ‘अनुमती’साठी विक्रमरावांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’ला शंभर वर्षे होत होती तेव्हा.