जंपरच्या डोळ्यातला डिफ्यूझर: पावसाळ्यातली प्रगती

जंपिंग स्पायडरचे, म्हणजे उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्यांचे (आम्ही त्यांना जंपर म्हणतो) जवळून फोटो काढताना मॅग्निफिकेशनचा, म्हणजे प्रतिमा आणखी मोठी करण्याचा हट्ट आता सोडला आहे. क्रॉप सेन्सरची (छोट्या सेन्सरची) बॉडी, शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि तिच्या तोंडाला रेनॉक्स २५० हे जोडभिंग. एवढ्यात सेन्सरवर प्रत्यक्षाच्या साधारण दोनपट प्रतिमा मिळते आणि चार-पाच मिलिमीटरच्या कोळ्याला ती पुरते. एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसवायच्या पोकळ नळ्या) सध्या कपाटात आहेत. रेनॉक्समुळे लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर बदलत नाही, त्यामुळे ट्यूबसारखा उजेड खाल्ला जात नाही, हा मोठा फायदा. हा पावसाळा सगळा लाइटवर घालवला.

जंपिंग स्पायडरचे समोरचे दोन मोठे डोळे चकचकीत, फुगीर भिंगं आहेत. समोर जे उजळ असेल ते त्यात उमटतं. फुलपाखराच्या फोटोत खराब डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) खपून जातो, इथे नाही. नुसता ट्रेसिंग पेपर लावला की डोळ्यात चौकोनी खिडकी दिसते आणि तिच्या मधोमध फ्लॅशचा जळका ठिपका. लोक फोटोत आधी डोळेच बघतात, म्हणजे आधी तुमचा फ्लॅश बघतात.

सध्याचा डिफ्यूझर असा: पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम कमानीसारखा वाकवून लेन्सच्या वर पुढे काढलाय, इतका पुढे की कोळ्याच्या डोक्यावर छप्परच येतं. फ्लॅशच्या तोंडाशी दुसरा, छोटा थर. दोन थरांत चार बोटं मोकळी जागा. सगळी जादू या मोकळ्या जागेत आहे. पहिल्या थरातून निघालेला उजेड दुसऱ्यावर पोचेपर्यंत पसरतो आणि मधला ठिपका जातो. थर एकमेकांना चिकटवले तर फक्त उजेड कमी होतो, ठिपका तसाच राहतो. कमानीच्या आतल्या बाजूंना फॉइल लावलंय. कागद पावसाळ्यात पापडासारखा वाकडा होतो, फोमला दमट हवेचं काही वाटत नाही.

याहून स्वस्त सुधारणा म्हणजे कोळ्याच्या खाली धरलेला पांढऱ्या कार्डाचा तुकडा. त्याने डोळ्याच्या खालच्या कडेला बारीक उजळ कोर येते आणि डोळा एकदम गोल वाटायला लागतो. हनुवटीखालचे केसही दिसतात. कार्ड हिरव्या पानाच्या आड लपवायचं, नाहीतर बॅकग्राउंडला पांढरा डाग येतो.

आता डोळ्यांच्या रंगाबद्दल. एकाच कोळ्याच्या लागोपाठच्या फ्रेममध्ये डोळा कधी डांबरासारखा काळा, कधी मधाळ तपकिरी येतो. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. भिंग डोक्याच्या कवचात घट्ट बसलेलं असतं, ते हलत नाही. आत लांब नळी असते, तिच्या टोकाला अरुंद रेटिना (प्रतिमा टिपणारा पडदा), आणि ही नळी स्नायूंनी इकडेतिकडे फिरते. रेटिना थेट आपल्याकडे रोखलेला असला की डोळा काळा दिसतो, दुसरीकडे वळला की आतला रंग दिसतो. मी काळ्या फ्रेम ठेवते, कारण त्या क्षणी तो खरंच लेन्सकडे बघत असतो. एक डोळा काळा आणि एक तपकिरी अशीही फ्रेम मिळते. ती मात्र मी कुणाला देणार नाही.

स्टॅकिंगवर, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक शार्प फोटो करण्यावर, याचा थेट परिणाम होतो. दोनपटीला, एफ/८ अ‍ॅपर्चरवर शार्प पट्टा मिलिमीटरच्या दोन दशांशाइतकाही भरत नाही. डोळ्याचा फुगवटा साधला तर मागचे केस गेले. म्हणून हातातच कॅमेरा किंचित पुढे सरकवत झटपट फ्रेम घ्यायच्या. पण त्या काळात रेटिना फिरला तर स्टॅकमध्ये डोळ्यावर ढगाळ चट्टे येतात, आणि पाल्प (तोंडाजवळचे दोन छोटे पायांसारखे अवयव) तर सतत चालूच असतात. माझा तोडगा: डोळे एकाच चांगल्या फ्रेममधून घ्यायचे, बाकीच्या दोन-तीन फ्रेम फक्त पाय आणि पोटासाठी. तीस फ्रेमचे स्टॅक जिवंत जंपरवर सहसा होत नाहीत. जिथे झालेले दिसतात, तिथे कोळी फ्रीजमध्ये घालून गारठवलेला असण्याची दाट शंका येते. मला तो प्रकार पटत नाही. पाय आखडलेला कोळी लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा शिकार खात असलेला शोधा. तोंडात माशी असली की प्लेक्सिपस (जंपरचाच एक प्रकार) बराच वेळ जागचा हलत नाही, आणि फ्लॅशकडेही फारसं लक्ष देत नाही.

या मोसमातला सगळ्यात चांगला फोटो घरातलाच आहे: हॅसेरियस अ‍ॅडॅन्सोनी या जंपरचा नर, काळा, पाल्पच्या टोकांना पांढरे केस, बाथरूमच्या खिडकीत. (घरात आता कोळी दिसला की झाडू न शोधता मला हाक मारतात, हीसुद्धा प्रगतीच.) याच जातीवर जपानी संशोधकांनी २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सुंदर शोध मांडला. रेटिनात एकामागे एक थर असतात. हिरव्या उजेडाची प्रतिमा एका थरावर स्पष्ट पडते, दुसऱ्यावर पुसट, आणि ती किती पुसट आहे यावरून कोळी अंतर ताडतो. हिरवा भाग नसलेल्या लाल उजेडात ठेवल्यावर त्यांच्या उड्या तोकड्या पडल्या. ज्या आउट-ऑफ-फोकसशी आपण झगडतो, त्याच्याच आधारावर हा प्राणी माशी पकडतो.

ओळख पटवण्याबद्दल थोडं. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून जातीचं नाव लिहू नका, पाठीचा एक साधा फोटो घ्याच. तरीही कितीतरी जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. ठाणे-कल्याण भागातून २०२१ साली आयसियस तुकारामी ही जंपरची नवी जात जाहीर झाली. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळेंचं नाव तिला दिलंय. तेव्हापासून आम्हा ठाणेकरांना येऊरला दिसणारा प्रत्येक छोटा जंपर तुकारामीच वाटतो. मी माझ्या फोल्डरला ‘आयसियस?’ असं प्रश्नचिन्हासकट नाव दिलंय.

पुढचं लक्ष्य मिर्माप्लाटा प्लाटालिऑइड्स, पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची नक्कल करणारा जंपर. मादी हुबेहूब मुंगी दिसते. नराचे जबडे इतके लांब की मुंगीने दुसरी मुंगी उचलून धरल्यासारखं वाटतं. तो इतर जंपरसारखा एका जागी बसून बघत नाही, मुंगीसारखा भटकत राहतो, म्हणून स्टॅकचा नाद सोडून एफ/११ आणि एकच फ्रेम असं ठरवलंय. फ्लॅश पूर्ण ताकदीच्या एक सोळांशावर ठेवला की त्याची चमक इतकी क्षणिक असते की चालते पायसुद्धा गोठतात. अडचण एवढीच की तो सापडतो त्याच आंब्यावर खऱ्या मुंग्याही असतात आणि छप्पर झालेल्या डिफ्यूझरवर त्या आनंदाने चढतात. फोमच्या कडेला टाल्कम पावडर लावून बघणार आहे. कुणी आधी करून पाहिलं असेल तर सांगा.