बातमी पुरली, दाबली नाही

परवा एका सहकाऱ्याच्या रिपोर्टवर मी मेलमध्ये ऐटीत लिहिलं, 'यू बरीड द लीड', म्हणजे बाबा रे, मुद्द्याची गोष्ट तू पार चौथ्या पानावर नेऊन पुरलीस. रिपोर्टबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, फक्त म्हणाला लीडचं स्पेलिंग चुकलंय. मी एल-ई-ए-डी लिहिलेलं, त्याला एल-ई-डी-ई हवं होतं. मला वाटलं ह्यालाच इंग्लिश येत नाही, मग डिक्शनरी उघडली आणि गप्प बसले.

अमेरिकन पेपरवाले बातमीच्या सुरुवातीला लीड म्हणतात, आपल्याकडे त्याला इंट्रो म्हणतात (आणि आपल्याकडे लीड म्हणजे पहिल्या पानावरची मुख्य बातमी, हा अजून एक घोळ). आता छापखान्यात तर जिकडेतिकडे शिसंच, १८८६ मध्ये लायनोटाइप हे जुळणीचं मशीन आलं तेव्हापासून वितळलेल्या शिशातून अख्खी ओळच ओतली जायची, दोन ओळींत अंतर ठेवायलाही शिशाच्याच पट्ट्या, आणि इंग्लिशमध्ये शिशाचं स्पेलिंगही तेच एल-ई-ए-डी! दोन्हींचा घोळ नको म्हणून बातमीच्या लीडचं मुद्दाम वाकडं स्पेलिंग केलं असं सांगतात. गंमत म्हणजे हे वाकडं स्पेलिंग छापलेलं जास्त दिसायला लागलं १९७० च्या दशकात, म्हणजे शिसं निघायच्या तयारीत असताना. न्यूयॉर्क टाइम्सचा शिशावरचा शेवटचा अंक १९७८ चा. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने तर ते २००८ मध्ये घेतलं. आपल्याला हा तापच नाही, धातू लेड, बातमी लीड, एक मात्रा एक वेलांटी, भांडण मिटलं.

पण खरं सांगू, मला स्पेलिंगपेक्षा अर्थाचं जास्त खटकतं. लोक 'बरी द लीड' हे सर्रास 'बातमी दाबली' अशा अर्थाने वापरतात. अहो, दाबलेली बातमी छापूनच येत नाही, पुरलेली येते, फक्त नवव्या परिच्छेदात, तोपर्यंत चहा गार झालेला असतो.

नीट उदाहरण हवं असेल तर माझ्या आईचा फोन ऐका. आधी पाऊस, मग दुधाचा वाढलेला भाव, मग शेजारच्या काकूंच्या नातवाचं बारसं आणि त्यातली बेचव बासुंदी, आणि २५ मिनिटांनी फोन ठेवता ठेवता, "अगं हो, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं मंगळवारी."

मी ओरडलेच, आई हे आधी नाही का सांगायचं! तर म्हणते, "आधी सांगितलं असतं तर बाकीचं ऐकलं असतंस का?"