एकाधिकार आणि आमची बंडी

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव मंजूर केला, तेव्हा उत्तर प्रदेशातले काँग्रेस नेते चरणसिंग यांनी त्याला तिथेच उघड विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्षही उभा राहिला. ठराव कागदावरच राहिल्यामुळे त्यावर आजही हवा तितका वाद घालता येतो; कॉलेजात असताना धरमपेठेतल्या खोलीवर मीही तो रात्र रात्र घातला आहे.

कापूस एकाधिकार खरेदीचे तसे नाही, कारण महाराष्ट्र शासनाची ती योजना १९७२ पासून खरोखरच वजनकाट्यापर्यंत आली. शेतकऱ्याने कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेला विकायचा, हमीभाव घ्यायचा, सरकी काढलेली रुई विकून शासनाला नफा झाला तर त्यातला वाटाही घ्यायचा आणि मधल्या व्यापाऱ्याला कायमची रजा द्यायची, ही कल्पना सावनेर तालुक्यातल्या आमच्या घरी बाबांना मनापासून पटली होती. मात्र खरेदी केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग हलत नसे, प्रतवारीवरून हुज्जत होई आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी येई. सावकाराचे व्याज त्या हप्त्यांसाठी थांबत नसे. मग ज्या वर्षी मध्य प्रदेशात भाव चढा असे, त्या वर्षी आमची बंडी रात्री सीमेपलीकडच्या सौंसरच्या रस्त्याला लागे, आणि भाव पडला की तीच बंडी मुकाट्याने केंद्रावर उभी राही. तेजीतला कापूस निसटणार आणि मंदीतला सगळा गळ्यात पडणार, अशा यंत्रणेला बुडायला कोणी लबाड असण्याचीही गरज नव्हती, हा हिशोब मला फार उशिरा कळला. (लबाडी नव्हती असे नाही, मातेऱ्याच्या, म्हणजे काडीकचऱ्याच्या, नावाखाली काट्यावर काय कापले जाई, ते मी पाहिले आहे.)

२००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि पैसा रोख हाती येऊ लागला, ही मोठीच सोय झाली. पण दिवाळीनंतर सगळ्यांचा कापूस एकदमच घरात येतो, ठेवायला जागा नसते, पैसे मागणारे दारात असतात, आणि ज्याला थांबणे परवडते तोच भाव ठरवतो. बाजाराचे गोडवे गाणारे माझे मित्र विक्रेत्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतात, तेव्हा "आज विकत नाही" हे वाक्य तो किती दिवस उच्चारू शकतो, एवढेच मी विचारतो.

बाबा शेवटपर्यंत एकाधिकाराच्याच बाजूचे होते. सौंसरच्या फेऱ्यांची आठवण करून दिली की ते म्हणत, "योजना चांगलीच होती. त्या वर्षी तुझ्या बहिणीचं लग्न होतं न."