बेदाणा पुण्याला जातो त्याची गोष्ट

आमचा रसायनशास्त्र विभाग सांगलीत आणि जीसी-एमएस मशीन (नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणारं आणि मोजणारं) पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत. विषय मात्र तासगावच्या शेडवरचा. द्राक्षं वाळवण्याआधी बुडवतात ते द्रावण: लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर विस्कटतो, पाणी लवकर निघतं. त्यातलं बेदाण्यात किती उरतं, हे आम्हाला मोजायचं होतं.

एकत्र काम करण्याच्या करारासाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र प्रयोगशाळेच्या संचालकांना गेलं आणि तिकडंच राहिलं. मग तिथल्याच, याच विषयावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडमना थेट फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, आधी नमुने पाठवा. करारबिरार नंतर बघू."

नमुने घ्यायला शेडवर गेलो. वरच्या जाळीला वारा जास्त, खालचा माल मागं राहतो. म्हणून वरचा, मधला, खालचा अशा वेगळ्या पिशव्या भरल्या. शेडवाले काका बघत होते. "सर, माल न्या की. पण रिपोर्टात माझं नाव नको. सौद्यात दर पडायचा."

कराराच्या छापील मसुद्यात विद्यापीठ होतं, प्रयोगशाळा होती. काका कुठंच नव्हते. नमुन्यांना फक्त सांकेतिक क्रमांक, शेतकऱ्याचं नाव कुणालाही नाही, हे कलम आम्ही घालून घेतलं. माझ्या मते पूर्ण करारात तेवढंच कामाचं.

खरी ओढाताण झाली शोधनिबंधावरून. छापण्याआधी आम्ही त्यांची परवानगी घ्यावी असं प्रयोगशाळेला हवं होतं, पण ती किती दिवसांत द्यायची याला मुदत नव्हती. आमच्या पीएचडीच्या मुलीनं वाट बघायची किती? शेवटी ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर संमती धरायची, यावर जमलं. वाद झाला तर न्यायालय पुण्याचं, हे आम्ही न भांडता सोडलं. कराराचा बाँड पेपर ५०० चा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही. मॅडमना सहमार्गदर्शक म्हणून विद्यापीठाची मान्यता घेणं हे वेगळंच प्रकरण. तो अर्ज कराराच्या सहीची वाट न बघता टाकून द्यावा.

करारात पैशाचा उल्लेख नाही. प्रत्येक कामाचा खर्च वेगळा ठरवायचा. तपासणी फीची पहिली पावती सध्या आमच्या ऑफिसात आहे, आणि ती कुठल्या हेडखाली टाकायची यावर हेडक्लार्क आणि मी अजून बोलतोय.