बिलावर बदललेलं ऑइल

दापोलीत गॅरेज चालवायचं म्हणजे सुट्ट्यांच्या दिवसांत समुद्रात घातलेल्या गाड्या येणारच. कर्द्याच्या नाहीतर मुरुडच्या पुळणीवर फोर बाय फोर उतरवायची, लाटेत घालायची, व्हिडिओ काढायचा आणि पुण्याला निघताना 'जरा बघता का मिस्त्री?' तापलेलं डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रेदरमधून (हवा जायच्या तोंडातून), सीलमधून पाणी आत खेचते. हे सांगून माझा घसा बसला.

दिवाळीनंतर आलेल्या फॉर्च्युनरचं तेच झालं होतं. मागच्या डिफरन्शियलचे ऑइल भरायचे-सोडायचे २४ नंबरचे प्लग मुकाट्याने सुटले. पुढच्याला १० नंबरची ॲलन, म्हणजे खाचेत बसणारी षटकोनी किल्ली, लागते. खाचेतला चिखल सिमेंटसारखा घट्ट. खिळ्याने कोरून काढला, तर भरायच्या प्लगची खाच आतून गोल झालेली. ॲलन नुसतीच फिरायला लागली.

"खालचा प्लग चांगला दिसतोय ना? मग तो काढून ऑइल सोडून द्या, वरचं नंतर बघू," गाडीवाले साहेब म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. भरायचा प्लग सुटल्याशिवाय सोडायच्या प्लगला पाना लावायचा नाही. ऑइल सांडलं आणि वरचा अडला, तर गाडी जागेवरून हलायची नाही. ते चिडले. त्यांना उजेडात ताम्हिणी घाट ओलांडायचा होता.

कडेने रस्ट ऑइल मारलं, मुरू दिलं. प्लगच्या तोंडावर सरळ ठोके दिले, त्याने आट्यातला गंज फुटतो. मग टी-५५ चा टॉर्क्स बिट (चांदणीसारख्या टोकाचा) ठोकून बसवला. प्लग हलला नाही, बिटच तुटायला आला. शेवटी बॅटरी सोडली आणि प्लगवर नट वेल्ड केला. अर्थिंगचा चिमटा तिथेच हाऊसिंगवर लावायचा; दूर चासीवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होतं. पोरं इथेच चुकतात. नट जरा निवला, पाना लावला आणि 'कट्‌' आवाज करून प्लग सुटला. वेल्डिंगची धग आट्यांपर्यंत पोचते, निम्मं काम तीच करते.

मग खालचा काढला. ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी होतंच. पण बोटांवर चोळलं तर चकाकणारी धातूची बारीक कीसही लागली, आणि ती एका दिवसातली नव्हे.

साहेबांनी सर्व्हिसिंगचं बिल दाखवलं: पुढचं-मागचं डिफरन्शियल ऑइल बदललं, पैसे घेतले. पण खालच्या प्लगवरून हाऊसिंगवर ओढलेली पेंटची रेघ मी काढेपर्यंत अखंड होती. म्हणजे तो प्लग उघडलाच नव्हता. वर्कशॉपमध्ये कुणीतरी वरच्याला हात घातला, खाच गोल केली आणि गप्प बसून बिल फाडलं. त्या पोराचा राग येतो, पण जास्त राग त्याच्या डोक्यावर घड्याळ धरणाऱ्या सुपरवायझरचा. 'प्लग सुटला नाही' एवढं जॉब कार्डावर लिहायला काय जात होतं?

नवे प्लग, नवे वॉशर टाकले, भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरलं. आत थोडं पाणी राहतंच, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला म्हणून सांगितलं. "बेअरिंग गेलं तर दोष कुणाचा, समुद्राचा की वर्कशॉपचा?" त्यांनी विचारलं. कीस जुनी, पाणी ताजं. डिफरन्शियल खोलल्याशिवाय मी ठामपणे सांगू शकत नव्हतो, आणि खोलायला ते थांबणार नव्हते.