आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून प्रिझमपर्यंत

सुरुवातीला आम्ही प्रिझम, म्हणजे मोजणीच्या यंत्राचा किरण परत पाठवणारी काच, विकतच नव्हतो. काम होतं टोटल स्टेशनच्या, म्हणजे जमिनीवरची अंतरं आणि कोन मोजणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीचं. ‘अंतर बरोबर येत नाही’ म्हणून यंत्र यायचं, आम्ही ते तपासायचो आणि पुष्कळदा त्यात काहीच दोष निघायचा नाही. मग आम्ही सांगायला लागलो, यंत्रासोबत साइटवरचा प्रिझम आणि तो ज्यावर बसवतात तो पोलही आणा. दुखणं बहुधा तिथेच असायचं.

सगळ्यात जास्त घोळ कॉन्स्टंटचा, म्हणजे मोजलेल्या अंतरात प्रिझमसाठी करायच्या ठरावीक दुरुस्तीचा. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो, त्यामुळे यंत्राला अंतर थोडं जास्त वाटतं. शिवाय काच पोलच्या मध्यरेषेपासून किती पुढे-मागे बसवली आहे तेही हिशेबात येतं. बाजारात ० आणि −३० मिमी हे दोन्ही कॉन्स्टंट सर्रास चालतात. लायका कंपनीच्या यंत्रात ० धरलेला त्यांचा नेहमीचा गोल प्रिझम इतर यंत्रांच्या हिशेबात −३४.४ मिमी असतो. −३० चा प्रिझम लावून यंत्रात ० ठेवला, की प्रत्येक अंतर ३० मिमीने जास्त. पुढच्या-मागच्या दोन्ही बिंदूंचं अंतर तेवढंच जास्त येत असल्याने चूक पटकन डोळ्यात भरत नाही.

म्हणून स्वतःचे प्रिझम बाजारात आणायचं ठरलं, तेव्हा पहिला निर्णय झाला तो हा, की कॉन्स्टंट स्टिकरवर नाही, डबीच्या धातूवरच कोरायचा. स्टिकर पावसात निघून जातो. काच आम्ही घासत नाही, ती तयार घेतो. पण प्रत्येक नग हातात घेऊन बघतो. एक डोळा मिटून प्रिझममध्ये पाहिलं, की तीन कडा जिथे मिळतात तिथे आपल्याच डोळ्याची बाहुली दिसते, आणि प्रिझम थोडा कलवला तरी ती मध्यावरून हलत नाही. तीन पृष्ठं एकमेकांशी काटकोनात असल्याने आलेला किरण आला त्याच दिशेने परत जातो, त्याचाच हा खेळ. मागच्या मुलाम्यावर काळे ठिपके दिसले तर ओल आत शिरली समजायचं. तो नग बाजूला.

कॉन्स्टंटची खात्री करायला ग्राहकाला आमच्याकडे यायची गरज नाही. सपाट जागेवर एका रेषेत अ, ब, क असे तीन बिंदू घ्यायचे. ट्रायपॉडवर यंत्र आणि प्रिझम लावून अब, बक आणि अक मोजायचं. अक मधून अब आणि बक ची बेरीज वजा केली, की यंत्र-प्रिझम जोडीची उरलेली दुरुस्ती हातात येते. ही कृती आम्ही प्रत्येक खोक्यात छापून देतो, आणि ती करून बघणारे सर्व्हेअर फोन करतात तेव्हा फार बरं वाटतं.

पोल नंतर आले, पण त्यांच्याकडे लक्ष तितकंच. पोल सरळ उभा आहे का ते दाखवणारा बबल कोनाच्या १० मिनिटांनी (अंशाच्या सहाव्या भागाने) चुकीचा असेल तर २ मीटर उंचीवर प्रिझम जवळपास ६ मिमी सरकतो. असा पोल धरून मिलिमीटरचं यंत्र वापरण्यात काय अर्थ?

आता प्रिझमचा स्वतःच माग काढणाऱ्या रोबोटिक यंत्रांमुळे ३६० अंशांच्या, म्हणजे सगळ्या बाजूंनी किरण परत पाठवणाऱ्या, प्रिझमला मागणी वाढली आहे. तपशील टिपायला, आखणीला तो उत्तम. पण तो कुठल्या बाजूने यंत्रासमोर येतो त्यानुसार मापात थोडा फरक पडतो, म्हणून कंट्रोल पॉइंटच्या, म्हणजे बाकीची मापं ज्यांच्यावर आधारतात त्या बिंदूंच्या, कामासाठी कोणी मागितला तर आम्ही साधा गोल प्रिझमच घ्यायला सांगतो. तो स्वस्त आहे, तरीही.